कांबळे बाईंची तिसरी

कांबळे बाई गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळी पावणेसातला, मी डबा भरत असताना. मुख्याध्यापिकांचा मेसेज दोनच ओळींचा होता... पहाटे हृदयविकाराचा झटका, अंत्यसंस्कार दुपारी. त्याच्या लगेच वर आदल्या संध्याकाळचा बाईंचाच मेसेज होता. ‘तिसरीची पुस्तकपेटी कोणाच्या वर्गात आहे? उद्या पाठवून द्या.’ त्याला कोणीच उत्तर दिलं नव्हतं. पेटी माझ्या वर्गात होती. उद्या सांगू, म्हणून मी फोन बाजूला ठेवला होता. बाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या, निवृत्तीला दहा महिने उरले होते. या सगळ्याला आता पाच आठवडे झाले.

आमची फार जवळीक होती असं मी म्हणणार नाही. अकरा वर्षं एका शाळेत काढली, पण परळच्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्या दुपारी. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसल्यावर मला अकरा वर्षं आठवत नाहीत, एक आठवडा आठवतो. मी नोकरीला लागले तेव्हाचा. लालबागजवळच्या आमच्या मराठी शाळेत मला दुसरी मिळणार होती, पण त्याआधी आठवडाभर कांबळे बाईंच्या तिसरीत मागे बसून बघ, असं मला सांगितलं गेलं. मी चोवीस वर्षांची होते, डी.एड.च्या टिपणांची वही घेऊन शेवटच्या बाकावर बसले. बाईंनी वहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “लिहीत बसलीस तर मुलं दिसायची नाहीत गं.” मग आपल्या कामाला लागल्या. पूर्ण दिवस माझ्याकडे वळून बघितलं नाही.

वर्गात सत्तावीस मुलं होती. काळाचौकीची बरीच, काही परळची, दोघं तर थेट वरळी कोळीवाड्यातून यायची. बाईंचं शिकवणं दिसायला अगदी साधं होतं. आवाज चढायचा नाही, गाणीबिणी नाहीत. रोज सकाळी प्रत्येकाने शाळेत येताना रस्त्यात वाचलेला एक शब्द फळ्यावर लिहायचा, एवढा एकच त्यांचा खास असा पाठ. ‘चक्की’, ‘दवाखाना’, ‘दुरुस्ती’, ‘मालवणी मसाले’... दहा मिनिटांत फळा भरून जायचा. सगळ्यात सुंदर वाचायची ती मानसी परब. दोन वेण्या, खणखणीत आवाज, स्वल्पविरामाला बरोबर थांबणार, प्रश्नचिन्हाला बरोबर सूर वर नेणार. सोमवारी तिचं वाचन ऐकून मी मनात म्हटलं, या वर्गात मला शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

बुधवारी मानसी वाचत असताना पान संपलं आणि तिने ते उलटलं नाही. वाचन मात्र पुढे चालू राहिलं. ओळ न् ओळ बरोबर. मी पुस्तकात बघत होते, म्हणून माझ्या लक्षात आलं. बाईंच्या हातात पुस्तकही नव्हतं. त्यांनी तिला “छान, बस” म्हटलं आणि त्याच धड्यातली चार वाक्यं शब्द उलटेसुलटे करून फळ्यावर लिहिली. मानसीला पुढे बोलावलं. तिने फळ्याकडे पाहिलं, मग पोटावर हात ठेवला. “बाई, माझ्या पोटात दुखतंय.”

मधल्या सुट्टीत बाईंनी मला सांगितलं, “तिची मोठी बहीण सातवीत आहे. ती रोज संध्याकाळी धडे वाचून दाखवते, ही ऐकून पाठ करते. तिला वाचता येत नाही. आणि हे मला तिसरीच्या चौथ्या महिन्यात कळतंय.” त्या चिडल्या होत्या, पण मानसीवर नाही. सोमवारपासून तिला रोज वेगळं घेऊन बसायचं, कोणाला काही बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पण शुक्रवारी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मुख्याध्यापिकांनी त्यांना सरळ तिसरीत आणलं आणि स्वतःच मानसीला उभं केलं. तिने सोमवारचाच धडा वाचला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या वर्गाने. “हिला प्रगत लिहा,” ते म्हणाले. मुख्याध्यापिकांनी पेन उघडलं.

“साहेब, तिला वाचता येत नाही,” कांबळे बाई म्हणाल्या. “तिचं ते पाठ आहे.”

साहेबांना ते खरं वाटेना. त्यांनी पुस्तकाचं शेवटाकडचं एक पान उघडून मानसीच्या हातात दिलं. ती पुस्तक धरून उभी राहिली. मागून कोणीतरी हसलं. मानसी रडली नाही, पुस्तक बाकावर नीट ठेवून खाली बसली.

साहेब गेल्यावर मुख्याध्यापिका बाईंना काय बोलल्या ते जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. बाईंचं म्हणणं एकच होतं : “आज प्रगत लिहिलं की चौथीत तिच्याकडे कोणी बघणार नाही. पाचवीत तर नाहीच नाही.” मला ते पटत होतं आणि बाईंचा रागही येत होता. मी तो बोलून दाखवला. “बाई, तिच्यासमोर बोलायची काय गरज होती?” शनिवारी मानसी शाळेत आली नाही. शाळा सुटताना बाई मला म्हणाल्या, “उद्या सकाळी मी तिच्या घरी जाणार आहे. येतेस?”

काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर परबांची खोली होती. मानसीच्या आईने दार उघडलं, पण आत या म्हणायला जरा वेळ घेतला. “चेडू शुक्रवारपासून धड जेवूक नाय, बाई,” ती म्हणाली. “तुमी काय बोललात तां माका सगळा कळला.” मानसी आम्हाला बघून कॉटखाली शिरली होती. आईने हाका मारल्या, बहिणीने पाय ओढून पाहिला, पण ती काही बाहेर येईना. तेव्हा बाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि त्या जमिनीवर बसल्या. वाकून कॉटखाली बघत म्हणाल्या, “मानसी, मी साहेबांना खरं सांगितलं त्याची माफी मागणार नाही. पण सगळ्यांसमोर सांगितलं ते माझं चुकलं. त्याची मागते.”

कॉटखालून आवाज आला, “कानात सांगायचं ना.”

“हो,” बाई म्हणाल्या. “कानात सांगायला हवं होतं.”

सोमवारी मानसी आली. बाईंनी तिला नवं काहीच दिलं नाही. तोच पाठ असलेला धडा पुढ्यात ठेवला. “हे येतंय ना तुला? मग अर्धं काम झालंय. आता कुठला शब्द कुठे बसलाय तेवढंच शोधायचं.” मानसी बाईंकडे न बघता एकेका शब्दावर बोट ठेवत गेली. त्या दिवशी माझा आठवडा संपला आणि मी माझ्या दुसरीत गेले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती वाचायला लागली, अडखळत, तो खणखणीतपणा पार हरवलेला. मुख्याध्यापिका मात्र बाईंशी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होत्या.

बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला मानसी आली होती. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिला म्हटलं, बाईंनी तुझी माफी मागितली होती, आठवतं? तिला आठवत होतं. “पण राग नव्हता गेला माझा,” ती म्हणाली. “चौथीपर्यंत होता. वाचायला शिकले ना, ते त्या रागातच शिकले.” मग म्हणाली, “बाईंना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाल्या, राग असू दे, रोज ये म्हणजे झालं.”

त्या रविवारनंतर बाईंनी एकाही मुलाची चूक जागेवरून सांगितल्याचं मी पाहिलं नाही. उठायच्या, बाकापाशी जायच्या, वाकायच्या आणि कानात सांगायच्या. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी एक बुटकं लाकडी स्टूल करून घेतलं. ते एका बाकाकडून दुसऱ्या बाकाकडे ओढत न्यायच्या. खालच्या मजल्यावर माझ्या वर्गात त्याचा आवाज यायचा आणि मी कधीकधी वैतागायचेसुद्धा.

त्यांची तिसरी आता माझ्याकडे दिली आहे. पहिल्या दिवशी मुलं शुद्धलेखन लिहीत होती. पहिल्या बाकावरच्या मुलीची वेलांटी चुकली होती. मी खुर्चीतूनच सांगणार होते, पण स्टूल शेजारीच होतं, म्हणून ते ओढलं आणि तिच्यापाशी बसले. मी अजून काहीच बोलले नव्हते. तिने लिहिणं थांबवलं, कानावरचे केस मागे सारले आणि मान माझ्याकडे कलती केली.