दुसऱ्या राउंडपर्यंतचा माधव

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी धर्माबादला एका जुन्या ट्रॅक्टरचा भाव पाडत होतो. त्याला आता दीड महिना झाला. पेपरात ‘बॉक्सिंगचा विभागीय विजेता’ असं छापून आलं आणि खाली एका ओळीत ती लढतही. मेल्यावरसुद्धा त्याला सोडलं नाही.

त्या अंतिम लढतीला मी रिंगजवळच होतो. लातूरचा दत्ता तिसऱ्या राउंडमध्ये माधवच्या ठोशानं खाली पडला, तो उठलाच नाही. ठोसा नियमात बसणारा होता, चौकशीतही तेच निघालं. माधवनं मात्र ग्लव्ज कायमचे उतरवले आणि मुदखेडला माझ्याच गॅरेजात पाना धरला. कुणी गिऱ्हाईक वाकडं बोललं तरी याची मान खाली. माझं डोकं फिरायचं. “लेका, एकदा तरी उलटं बोल की.” तो नुसता हसायचा.

शेवटी मीच त्याला गाडीत घालून लातूरला नेलं, दत्ताच्या आईकडे, काशीबाईंकडे. त्यांच्याकडून एक शब्द काढून घ्यायचा आणि विषय मिटवायचा, एवढाच माझा बेत. म्हणालो, “मावशी, माफ केलं म्हणा. पोरगं जळून राहिलंय.”

“म्हणणार न्हाई. म्हणलं की हा पुन्हा कशाला येतोय हिकडं?” मग माधवकडे वळून, “बस. माझा दत्ता कसा खेळला ते सांग.”

त्यानं पहिला राउंड सांगितला, मग दुसरा, ज्यात दत्तानं त्याला दोरांपर्यंत रेटलं होतं... तिथं त्यांनी हात वर केला. “ऱ्हाऊ दे. च्या घे.” पुढं दर पाडव्याला हेच. विजेता लातूरला जायचा, आपण कसा मार खाल्ला ते सांगायचा आणि चहा पिऊन परत यायचा. मी चिडायचो, “म्हातारीला पोरगा जिंकतानाच पाहिजे. तू तिचा टेपरेकॉर्डर झालास.” तरी जायचा. जन्मभर मी लोकांना भावात वाकवलं, पण त्या बाईकडून एक शब्द सुटला नाही.

तो गेल्याचं सांगायला मीच गेलो, भांडायच्या तयारीनं. काशीबाईंनी मला बसायला पाट सरकवला. मग म्हणाल्या, “तू व्हतास न्हवं तिथं? सांग.” मी सांगितलं आणि दुसऱ्या राउंडला थांबलो.

“फुडं?”

“मावशी, तुम्ही तर इथंच थांबवायच्या.”

“त्याला थांबवायची मी. तिथं आला की त्याचे हात थरथरायचे. तू सांग.”

मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. गाडीत येऊन बसलो आणि पुन्हा संताप आला. एवढं कळत होतं, तर त्याला एकदा बोलून दाखवायचं. आणि त्या गाढवानं तरी एकदा विचारायचं... आता भांडायला दोघांपैकी एकच उरलीय. पाडव्याला जाणार आहे.