परळीच्या रांगेत मिळालेलं उत्तर

ऑपरेशन करून काढलेली यकृतातली गाठ वर्षाच्या आत पुन्हा उगवली, तेव्हा माझा देवावरचा भरवसा डळमळला. सिरसाळ्यात माझं किराणा दुकान आहे. आयुष्यात दारूला शिवलो नाही. पण लिव्हरचा कॅन्सर म्हटल्यावर लोकांची तोंडं कोण धरणार? "पीत असंल गपचूप," हे शब्द मी दुकानाच्या पायरीवर माझ्या कानांनी ऐकले. त्या दिवशी सकाळची लिंगपूजा सुटली, आणि पुढची औषधं घ्यायचीच नाहीत असं मी मनाशी ठरवून टाकलं.

श्रावणी सोमवारी बायकोनं हट्टानं परळीला नेलं. वैजनाथाच्या रांगेत मला भोवळ आली. मागं उभ्या असलेल्या एका तरुण बाईनं सावरलं, कडेला बसवून पाणी दिलं. ती घाटनांदूरची, सुट्टीला माहेरी आलेली. बायकोनं आजाराचं नाव सांगताच ती माझ्याजवळ खालीच बसली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती याच रोगावर काम करत होती.

"काढून टाकलेलं परत कशामुळं आलं?" मी विचारलं.

"काका, आईच्या पोटात लिव्हर घडवायला काही जनुकं जागी असतात. काम झालं की झोपतात. ह्या आजारात गाठीच्या पेशींत त्यातली काही पुन्हा जागी होतात. असल्या थोड्या पेशी जरी मागं राहिल्या, तरी त्या नवी गाठ उभी करू शकतात. आमी त्यांनाच शोधतोय, पण अजून सगळं कळलेलं न्हाई." मग ती हळू आवाजात म्हणाली, "दारू न पिणाऱ्यालाबी हे होतं. तुमी पाप शोधत बसू नका. औषध तेवढं सोडू नका."

बायको माझी पाठ चोळत राहिली. गाभाऱ्यात पिंडीवर हात ठेवला, तेव्हा बरं कर म्हणायचं सुचलंच नाही. नुसता हात ठेवून उभा राहिलो.

औषधं सुरू केली. पुढच्या तपासणीत गाठ होती तेवढीच निघाली. डॉक्टर म्हणाले, हेही चांगलंच आहे. गाठीचा तुकडा तपासायला काढला, तेव्हा त्यातला थोडा संशोधनाला ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी आनंदानं हो म्हणालो.

एवढ्या गर्दीत तीच नेमकी माझ्या मागं कशी उभी होती, याचा उलगडा मी करत बसत नाही. हात जोडतो, एवढंच. उद्या ही औषधं चालेनाशी होतील, न होतील. औषध घेणं माझ्याकडे, गुण येणं त्याच्याकडे. हे मनानं मान्य केलं, तेव्हापासून मला शांत झोप लागते.