बल्बाच्या कपाटातला सीडी प्लेअर
लोणावळ्यात पावसाळाभर कपड्यांना ओल लागू नये म्हणून आम्ही लोकरीच्या कपड्यांच्या कपाटात बल्ब पेटता ठेवतो, आणि त्या तापलेल्या लोकरीच्या वासाने मला वडिलांचा पहिला स्मृतिदिन आठवतो. घरीच रेकॉर्ड केलेली त्यांच्या गाण्याची एकुलती एक सीडी त्या दिवशी त्यांच्याच जुन्या, जडशीळ प्लेअरमध्ये अडकली. दमटपणामुळे ट्रे बाहेर येईना, आतून नुसती घरघर. बेडशाहून आलेले चुलते पेचकस घेऊन पुढे सरसावले, "उचकटतो मी." आईने प्लेअरवर दोन्ही हात पसरले. "न्हाई भावजी, त्यात त्यांचा आवाज हाय." मग तिने तो कपाटात बल्बाशेजारी ठेवला आणि दाराला पाठ लावून बसली. खोली पाहुण्यांनी भरलेली होती. प्लास्टिक जळत तर नाही ना, म्हणून मी सारखी हुंगत होते. बऱ्याच वेळाने प्लेअर पुन्हा लावला, तेव्हा सीडी फिरली. आधी खोकला ऐकू आला, मग वडिलांनी विचारलं, "चालू झालं का गं?" आई प्लेअरकडे बघत म्हणाली, "व्हय." पुढे ती सीडी बुरशीने गेलीच. माझ्या भाच्याने त्याआधी गाणं मोबाइलवर घेतलं होतं, सुरुवातीचं खोकणं-बोलणं कापून, अगदी स्वच्छ करून. परवा मी ते आईला ऐकवलं. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "पयल्यापासनं लाव की."