गणपती काढला की नोकरीचा

बी.कॉम. झाले त्या उन्हाळ्यात वडील मला सात रस्ता चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले. साखर कारखान्यात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस; एका कामासाठी दोनदा खेप घालणं त्यांच्या स्वभावातच नाही. माझा लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा, दोन्ही त्यांना एकाच फेरीत हवे होते.

"एकच टाईप करा की," ते दुकानदाराला म्हणाले. "वर गणपती ठेवला की लग्नाचा, काढला की नोकरीचा."

"लई जणांचं तसंच करतो मी," दुकानदार म्हणाला.

छंद काय घालायचे, हेही त्यानं वडिलांनाच विचारलं. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. वडील म्हणाले, "स्वयंपाक, रांगोळी, देवपूजा." रांगोळीची मला एक रेघ धड ओढता येत नाही. देवपूजा आमच्याकडे वडीलच करतात. स्वयंपाकाबद्दल न बोललेलं बरं. दुकानदारानं तिन्ही टाईप केले.

बारावीपर्यंत मी खो-खो खेळायचे. अगदी जीव टाकून खेळायचे, गुडघे कायम सोललेले. मग एक दिवस वडील म्हणाले, "आता बास. पाय-बिय मोडला तर कोण करंल तुला?" मी रडले नाही, भांडले नाही. बूट माळ्यावर टाकले. तेव्हापासून जे बधिर झालं ते झालंच. कॉलेज कसं गेलं म्हणाल तर गेलं, एवढंच सांगता येईल.

घरात ठरलं होतं, दिवाळीच्या आत नोकरी लागली तर लग्नाचं थोडं थांबायचं, नाहीतर गणपतीवाला कागद नातेवाइकांत फिरवायचा. मला नोकरीची हौस होती असं नाही. लग्न नको होतं, एवढं मात्र नक्की.

एका खाजगी कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. साहेब माझा कागद वाचू लागले. दुकानदारानं गणपती काढला होता, उंची काढली होती, रंग काढला होता. छंद तेवढे तसेच राहिले होते. साहेबांनी ते मोठ्यानं वाचले आणि हसले. "स्वयंपाकाला नाही हो ठेवायचं तुम्हाला!" मग जरा सावरून म्हणाले, "पण खरंच आवड आहे का या सगळ्याची?"

खो-खो अगदी ओठांवर आलं होतं. "हो सर," मी म्हणाले.

नोकरी लागली. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. मला काहीच वाटलं नाही.

ऑफिसात मात्र साहेब माझे छंद विसरले नाहीत. लक्ष्मीपूजन आलं, रांगोळीला मॅडम. वर्धापनदिन आला, रांगोळीला मॅडम. मी बाजारातून छाप आणले; त्यात रांगोळी भरून आपटलं की कमळ उमटतं. सगळे वा वा करायचे आणि मी पुढचं कमळ आपटायचे. दरम्यान घरी वडिलांनी पुन्हा विषय काढला. नोकरीवाली मुलगी म्हटल्यावर स्थळं चांगली येणार होती. गुढीपाडव्यानंतर कागद फिरवायचं त्यांनी ठरवून टाकलं. मी बरं म्हणाले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी ऑफिसच्या दारात उकिडवी बसून कमळं उठवत होते. समोरच्या शाळेच्या मैदानात मुलींचा सराव चालला होता. माझं तिकडे लक्षही नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "खो!"

मी उठले होते. एक पाऊल पुढे पडलंही होतं. रांगोळीचा डबा पायरीवर उपडा झाला होता आणि सगळी कमळं रांगोळीखाली गेली होती.

"काय झालं मॅडम? विंचू-बिंचू निघाला का?" साहेब धावत आले.

"नाही सर."

मला राग आला होता. वडिलांचा, दुकानदाराचा, हसऱ्या साहेबांचा, त्या छापातल्या कमळाचासुद्धा. इतका राग आला की बरं वाटलं.

संध्याकाळी परस्पर सात रस्ता गाठला. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर माझी फाईल अजून होती.

"छंद बदलायचेत," मी म्हणाले. "सगळे काढा. फक्त खो-खो ठेवा."

"नोकरीच्यात ना?"

"दोन्हीत."

त्यानं माऊसवरचा हात काढला. "लग्नाच्यात नका घालू, ताई. लोक उगं प्रश्न विचारतात."

"विचारू देत की."