त्या जिल्ह्यातून एक

प्रवेश विभागातल्या बाईंना त्या खुर्चीवर एकवीस वर्षं झाली होती. विद्यापीठात राज्यातल्या कुठल्या जिल्ह्यातून किती मुलं आली, याचा तक्ता दरवर्षी त्याच करत. निम्म्याहून जास्त जागा जवळपासचे चार जिल्हेच खाऊन टाकत. बाईंच्या स्वतःच्या, डोंगरापलीकडच्या जिल्ह्यापुढे कधी तीन, कधी दोन. गेली दोन वर्षं तर भोपळाच.

यंदा एक आला. ती त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. पोरगी गणितात तल्लख. भाऊ तिला बसने आणून आत्याच्या दोन खोल्यांत सोडून गेला. बाईंनी ऑफिसात बिस्किटं वाटली. भाचीने जिल्ह्याची लाज राखली, असं हेडक्लार्क म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात हजेरीच्या क्लार्कने बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की तुमची भाची पाच आठवडे वर्गात फिरकलेली नाही. दोघी तर रोज सकाळी बरोबरच निघत आणि फाटकाशी वेगळ्या होत. बाई शोधत गेल्या. ग्रंथालयामागच्या पायऱ्यांवर पोरगी डबा उघडून बसली होती. अकराच वाजले होते.

"वर्गात का जात नाहीस?"

"मी तोंड उघडलं की मागची मुलं माझ्यासारखं बोलून दाखवतात. सर पण हसतात."

बाई शेजारी टेकल्या. त्यांच्या वेळीही हेच झालं होतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी घरची बोली टाकली, आणि सुट्टीत गेल्यावर आई त्यांच्याशी परक्या माणसाशी बोलावं तसं जपून बोलली. हे सांगावंसं वाटलं. पण त्यापुढे तूही टाक म्हणायचं की टाकू नकोस, ते सुचेना.

"जेवून घे," एवढंच त्या म्हणाल्या.

आठवड्याने भाऊ येऊन तिला घेऊन गेला. प्रवेश रद्द करायचा अर्ज बाईंच्याच टेबलावर आला. त्यांनी शिक्का मारला. आता वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ थांबल्या. काहीच वाटलं नाही, तेव्हा पुढचा अर्ज ओढला.

तक्त्यातला तो एक खोडायचा का, असं त्यांनी हेडक्लार्कना विचारलं. आकडे प्रवेशाच्या दिवसाचे धरतात, राहू द्या, असं ते म्हणाले.

वार्षिक समारंभात कुलगुरूंनी सांगितलं, की राज्यातला एकही जिल्हा असा नाही जिथून आपल्याकडे विद्यार्थी येत नाही. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या.

घरी येऊन त्यांनी दुसरी गादी गुंडाळून माळ्यावर टाकली, हात धुतले आणि भाजी चिरायला बसल्या.