वालाच्या वेलावरचं मुंग्यांचं राज्य

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास आमच्याकडं पाऊस रुसला होता. परसातलं सगळं वाळलं, राहिला तेवढा एक वालाचा वेल. बी माझ्या बायकोच्या माहेरचं, भोकर गावाकडचं. तिची माय वारलेली, तिकडचे वेल करपून गेलेले. हा गेला तर ते बी संपलं. म्हणून भांडी धुतलेलं पाणी ती त्याच्याच बुडाशी ओतायची.

अन् दर सोमवारी महादेवाला हात जोडून त्याच बुडाशी मुंग्यांना पीठ-साखर घालायची. दुष्काळात मुक्या जिवाला चारलं पाहिजे, म्हणायची.

थंडीत वेलाला फुलं आली अन् मागोमाग मावा, रस शोषणारी बारीक कीड. कोवळे शेंडे काळे पडले.

मी शाळेत फार टिकलो न्हाई, पण बघायला शाळा लागत न्हाई. दुपारी वेलाखाली बाज टाकून पडायचो. ऊन कोमट, डोळे अर्धे मिटलेले, वर पानं हालायची. वाटायचं, आपणही मुंगीएवढे होऊन त्या हिरव्या वाटेनं चाललोय. मुंग्या माव्याला मिशांनी गोंजारायच्या. मावा गोड थेंब सोडायचा, त्या प्यायच्या. मसुरीएवढे लाल किडे, पाठीवर काळे ठिपके, मावा खायला यायचे. मुंग्या त्यांचे पाय धरून त्यांना हुसकायच्या.

मी बायकोला हाक मारली. "तुझ्या मुंग्यांनी गाई पाळल्यात. धारा काढून राहिल्यात, राखणही करतात. म्हणून मावा हटत न्हाई."

"अवो, सावलीत सरका. ऊन डोक्यात गेलंय."

"बघ तरी."

तिनं पदर सावरून लई वेळ बघितलं. मग म्हणाली, "पण चारलेल्या जिवाला हाकलायचं कसं?"

"हाकलत कोण हाय? आपला जिल्हा बदलला, त्यांचं बिऱ्हाड बदललं तर काय बिघडलं?"

ती हसली न्हाई, पण सोमवारचं पीठ भिंतीकडं गेलं. वेलाच्या बुडाभोवती मी चुलीची कोरडी राख गोल टाकली, विसकटली की पुन्हा टाकली. गल्ली हसली. हसू दे.

मुंग्यांचं येणं तुटलं. लाल किडे येऊन बसले, अन् हळूहळू शेंडे पुन्हा हिरवे दिसू लागले. शेवटाला ओंजळभर शेंगा धरल्या.

मी म्हटलं, "एका दिवसाची भाजी होईल."

"बाजारातनं आणा," ती म्हणाली.

बाजारात काय ठेवलं होतं? कोरडी भाकर खाल्ली अन् बाजेवर पडून राहिलो. वर शेंगा पिवळ्या पडून वाळत होत्या. वाऱ्यानं आतलं बी खुळखुळलं की ती स्वयंपाकघरातून मान काढून बघायची, मी हात तर लावला न्हाई ना.