रुपलीच्या कानांनी निवडलेला डबा

भुसावळच्या रेल्वे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लिलाबाई तायडे ऑपरेटर होत्या. नवरा कामावर असताना गेला, त्याच्या जागी नोकरी मिळाली आणि वीस वर्षं त्या कानाला हेडफोन लावून बसल्या. मनमाडपासून खंडव्यापर्यंतचे स्टेशनमास्तर त्यांना आवाजावरून ओळखत. चेहऱ्याने ओळखणारे मात्र फार थोडे. कॉलनीत त्यांना सगळे अक्का म्हणत.

शेजारच्या क्वार्टरमध्ये रुपली आत्याकडे राहायला आली ते साल एकोणनव्वद. ती यावलकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. लहानपणी गोवरात तिचे डोळे गेले. अंधशाळेत राहून, बोटांनी वाचत ती दहावी झाली, मग बारावीही. पण बी.ए.ची पुस्तकं ब्रेलमध्ये कुठे मिळायची? एका दुपारी अर्थशास्त्राचं पुस्तक छातीशी धरून ती अक्कांच्या दारात उभी राहिली.

"अक्का, रोज एक पान वाचून दाखवाल का?"

अक्का एकाऐवजी दहा पानं वाचत. पण त्यांच्या ड्यूट्या फिरत्या. त्या घरी असल्या की रुपली कॉलेजात, रुपली मोकळी असली की अक्का एक्स्चेंजमध्ये. शेवटी अक्कांनी कपाटावरचा टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, खाली काढला आणि त्यात एक धडा भरला.

रुपलीने तो शांतपणे ऐकला. "छान आहे," म्हणाली. मग जरा घुटमळून म्हणाली, "फक्त तुमच्या मागे कुणीतरी पिठाची गिरणी चालवतंय."

ती घरघर टू-इन-वनच्याच मोटारीची होती. आतला माइक तीही टिपत होता. अक्कांच्या भावाने, पुनाने, आखातातून आणलेला चांगला कॅसेट डेक त्यांना देऊन टाकला. अक्कांनी वेगळा माइक विकत घेतला आणि डेकला जोडला. आता घरघर गेली, पण आवाजही गेला. कान देऊन ऐकलं तर विहिरीच्या तळातून कुणी बोलतंय असं वाटायचं.

मग दोघी डेक चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन पॅसेंजरने जळगावला गेल्या. तिथे देवचंद मिस्तरीचं दुकान होतं. तो मूळचा धुळ्याकडचा. त्याने तारा पाहिल्या आणि हसला.

"अक्का, माइकना आवाज दम नसलेला ऱ्हास. त्याले मधमा एक डबा लागस, तो आवाज उचलीसन डेकले देस."

असे तीन डबे त्याच्याकडे होते. पहिला ऑर्केस्ट्रावाल्यांचा, सहा माइकांचा, बटणांनी भरलेला, घुमारा देणारा. दुसरा लाउडस्पीकरवाल्यांचा, जड आणि दणकट. तिसरा देवचंदने स्वतः जोडलेला, करड्या पत्र्याचा, दोन बटणांचा. तो त्याने दाखवायलाही काढला नव्हता. फळीवर दिसला म्हणून अक्कांनीच विचारलं.

अक्कांचं मन पहिल्यावर बसलं होतं. त्यात बोलल्यावर आपलाच आवाज इतका भरदार ऐकू आला की त्या लाजल्या.

"हाच घेऊ या गं."

"थांबा अक्का. एकच ओळ तिन्हींत वाचा," रुपली म्हणाली आणि हेडफोन लावून मान खाली घालून बसली.

पहिल्यावर तिचं म्हणणं, "तुम्ही मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये उभ्या आहात. एक शब्द संपायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो." दुसऱ्यावर, "आवाज मोठा आहे, पण 'श' आणि 'स' सारखेच वाटतात." तिसऱ्याला तिने तीच ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "अक्का, तुम्हाला सर्दी झालीय का? आणि आत्ता पान उलटताना बोटाला थुंकी लावलीत ना?"

देवचंद आनंदाने गल्ल्यावर थाप मारून उठला. "पोरीना कान शेतस का काय! तो घुमारा, ते बठ्ठं गानारासले लागस. तुमले त वाचानं शे ना?"

वीस वर्षं हजारो लोकांनी अक्कांचा आवाज ऐकला होता, नंबर जोडून घेतला होता. तुम्हाला सर्दी झालीय का, असं कुणी विचारलं नव्हतं. करडा डबा त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवला.

खिडकीला गोधडी बांधून वाचन सुरू झालं. गाड्यांच्या वेळा अक्कांना पाठ होत्या. दोन गाड्यांच्या मधे त्या वाचायच्या. कधी धडा पटला नाही तर थांबून सांगायच्या, "हे काही खरं नाही पोरी. पण परीक्षेत हेच लिही."

तीन वर्षांत कॅसेटींनी कपाट भरलं. रुपली बी.ए. झाली आणि धुळ्याला मुलींच्या अंधशाळेत शिक्षिका म्हणून लागली. कॅसेटी खोक्यांत भरून तिच्यासोबत गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात अक्का तिला भेटायला धुळ्याला गेल्या. शाळेच्या फाटकाशी त्यांनी रखवालदाराला विचारलं, "बाबा, रुपलीबाई कुठे भेटतील?"

व्हरांड्यात मोठ्या वर्गातल्या चार-पाच मुली हिरवे हरभरे सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

"अगं," एक जण उठत म्हणाली, "अर्थशास्त्राच्या अक्का आल्या!"

हरभरे तसेच टाकून त्या आवाजाच्या दिशेने निघाल्या. एकीने हात पुढे करून अक्कांचा चेहरा चाचपला. अक्का हसत होत्या, आणि त्या मुलीची बोटं ओली झाली.